आधी गर्दी, मग गल्ला : समाजमाध्यमांच्या भांडवलाचा विचार

गेल्या पंधरा-वीस वर्षांत चळवळीच्या हातात एक नवे साधन आले आहे. कार्यकर्ता मोबाइलवर चार ओळी लिहितो आणि त्या क्षणार्धात मुंबईहून नागपूरला, नागपूरहून न्यूयॉर्कला पोचतात. त्यासाठी छापखान्याचे बिल भरावे लागत नाही, वर्गणीदार गोळा करावे लागत नाहीत, टपालाचा खर्च येत नाही. नियतकालिकाशी ज्याचा कधी संबंध आला आहे त्याला कागदाचा भाव तोंडपाठ असतो. निदान त्याला तरी हा प्रश्न पडायलाच हवा की, हे सारे फुकट कोणाला परवडते आणि का परवडते?

या प्रश्नाच्या मागे गेलो की एक चमत्कारिक गोष्ट आढळते. ज्यांनी ही माध्यमे सुरू केली त्यांनाही आरंभीची कित्येक वर्षे या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नव्हते. दुकान उघडले, गर्दी जमली, पण विकायचे काय आणि गल्ल्यात पैसा कोठून पडणार हे ठरलेलेच नव्हते. आपल्याकडे अशा माणसाला वेड्यात काढतील. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र याला धोरण म्हणतात, आणि त्या धोरणावर कोट्यवधी डॉलर लावले जातात. हे धोरण कसे चालते, ते कोणाला परवडते आणि त्याची किंमत शेवटी कोण मोजतो, हे समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे. विद्यार्थी-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात हा विषय मी अनेकदा मांडला आहे. उदाहरण म्हणून मी ट्विटर घेतो, कारण शेअर बाजारात गेल्यामुळे या कंपनीचे बरेचसे हिशेब जाहीर झाले.

ट्विटरचा जन्म एका फसलेल्या उद्योगातून झाला. सॅन फ्रान्सिस्कोत ओडिओ नावाची एक छोटी कंपनी होती. ध्वनिमुद्रित कार्यक्रम इंटरनेटवरून लोकांपर्यंत पोचवावेत, असा तिचा बेत. २००५ च्या जून महिन्यात अ‍ॅपल या बड्या कंपनीने आपल्या आयट्यून्समध्ये तीच सोय केली आणि ओडिओच्या पायाखालची जमीन सरकली. मग नवी कल्पना शोधणे आले. जॅक डॉर्सी, नोआ ग्लास, बिझ स्टोन आणि इव्हान विल्यम्स या मंडळींनी मोबाइलच्या लघुसंदेशावर आधारलेली एक सोय तयार केली. २१ मार्च २००६ रोजी पहिला संदेश गेला आणि जुलैमध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. लघुसंदेशात १६० अक्षरे मावत. त्यांतली वीस लिहिणाऱ्याच्या नावासाठी राखून १४० अक्षरांची मर्यादा घातली गेली. २००७ मध्ये ऑस्टिन शहरातल्या एका मोठ्या संमेलनात ही सोय लोकप्रिय झाली आणि त्याच वर्षी ट्विटर ही स्वतंत्र कंपनी बनली.

यात कोठेही पैशाचा उल्लेख नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. वापरणाऱ्याकडून वर्गणी नव्हती आणि जाहिरातींचे उत्पन्नही नव्हते. खर्च मात्र पहिल्या दिवसापासून होता. संगणक-यंत्रणा पुरी पडत नसे, आणि ती कोलमडली की पडद्यावर पक्ष्यांनी उचलून धरलेल्या एका देवमाशाचे चित्र येई. लघुसंदेश पाठविण्याचा भार इतका झाला की, ऑगस्ट २००८ मध्ये ब्रिटनसारख्या देशांत मोबाइलवर संदेश धाडण्याची सोय कंपनीने बंद केली. तरीही फेब्रुवारी २००९ मध्ये तिला साडेतीन कोटी डॉलर भांडवल मिळाले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये आणखी सुमारे दहा कोटी. त्या वेळी कंपनीचे मोल शंभर कोटी डॉलर धरले गेले. संदेशांबरोबर जाहिरात दाखविण्याची योजना आली ती एप्रिल २०१० मध्ये, म्हणजे दुकान उघडल्यानंतर जवळजवळ चार वर्षांनी.

आता पहिला प्रश्न असा की, आरंभीच चार पैसे का घेतले नाहीत? त्याचे उत्तर या मालाच्या स्वरूपात आहे. गावात एकट्याकडे टेलिफोन असेल तर तो शोभेची वस्तू ठरतो. दुसऱ्याने घेतला की एक जोडी बोलू शकते. दहा जणांकडे असेल तर पंचेचाळीस जोड्या होतात, आणि शंभर जणांकडे असेल तर चार हजार नऊशे पन्नास. माणसे दहापट झाली, तर संबंधांची शक्यता शंभरपटीहून अधिक वाढली. म्हणजे या मालाची उपयुक्तता कारखान्यात तयार होत नाही, ती वापरणाऱ्यांच्या संख्येतून तयार होते. आठवड्याच्या बाजाराचे तंत्र असेच आहे. गिऱ्हाईक जिथे जमते तिथे विक्रेता येतो, आणि विक्रेते जिथे असतात तिथे गिऱ्हाईक जाते. एकदा बाजार भरू लागला की शेजारच्या गावाने दुसरा भरविणे कठीण. अशा ठिकाणी पहिल्याच दिवशी वेशीवर नाके उभारून पैसे मागितले तर बाजार भरतच नाही. म्हणून आधी गर्दी, मग गल्ला, हे या धंद्याचे सूत्र आहे. जो आधी गर्दी जमवतो तो नंतर बहुधा एकटाच उरतो, आणि एकटा उरलेला मनाजोगा भाव लावू शकतो, या आशेवर हा सारा खेळ चालतो.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. मधल्या वर्षांचा खर्च कोण सोसतो? बँक सोसणार नाही. बँकेला तारण हवे आणि हप्ता हवा. हा खर्च सोसते ते जोखीम-भांडवल, ज्याला व्हेंचर कॅपिटल म्हणतात. अशी संस्था मोठमोठ्या निधींकडून साधारण दहा वर्षांच्या मुदतीने पैसा घेते आणि तो अनेक नव्या कंपन्यांत विखरून लावते. बदल्यात व्याज न घेता ती मालकीचा हिस्सा घेते. दहांपैकी बहुतेक कंपन्या बुडणार हे तिने गृहीतच धरलेले असते. एखादी जी वाचते तिने बाकी सर्वांचे नुकसान भरून वर पुष्कळ नफा द्यायचा असतो. या पद्धतीत मध्यम यशाला किंमत नाही. पन्नास माणसांचे पोट नीट भरील असा धंदा भांडवलदाराच्या लेखी अपयशच होय. त्याला एक तर शंभरपट वाढ हवी, नाही तर कंपनी लवकर मेलेली बरी. जी कंपनी सावकाश, आपल्या कमाईवर चालू इच्छिते तिला म्हणूनच हा पैसा मिळत नाही, आणि ज्या कंपनीने तो घेतला तिला सावकाश चालण्याची मुभा उरत नाही.

हा पैसा मुळात कोणाचा, हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत १९७९ साली निवृत्तिवेतन निधींच्या गुंतवणुकीचे नियम सैल झाले आणि त्या निधींना अशा जोखमीत पैसा घालणे शक्य झाले. विद्यापीठांच्या ठेवीही यात येतात. शिक्षकांच्या, कामगारांच्या, सरकारी नोकरांच्या म्हातारपणाची पुंजी या खेळात उतरलेली असते. पगारातून कापलेला पैसा ज्याचा, त्याच्या हाती मात्र त्या कंपनीच्या धोरणाचा दोर नसतो. श्रम एकाचे आणि सत्ता दुसऱ्याची, हे जुनेच सूत्र नव्या वेषात येथे दिसते.

जाहिराती सुरू झाल्या म्हणून ट्विटर लगेच फायद्यात आले असे नाही. २०१० चे उत्पन्न सुमारे दोन कोटी ऐंशी लाख डॉलर होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली आणि तिने सुमारे एकशे ऐंशी कोटी डॉलर उभे केले. त्या वर्षी उत्पन्न साडेसहासष्ट कोटी आणि तोटा साडेचौसष्ट कोटी. नफ्याची पहिली तिमाही उजाडली ती २०१७ च्या अखेरीस. पहिला संदेश आणि पहिला नफा यांच्यात साडेअकरा वर्षांचे अंतर आहे. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याचा संबंध आपल्याशी येणार आहे.

दरम्यान जो माल विकायचा तो ठरला होता. २०२१ साली कंपनीचे उत्पन्न सुमारे पाचशे आठ कोटी डॉलर होते आणि त्यातले सुमारे चारशे एक्कावन्न कोटी जाहिरातींचे होते. दहातले नऊ रुपये जाहिरातदाराचे असतील, तर धंद्याच्या दृष्टीने गिऱ्हाईक जाहिरातदार ठरतो. मग आपण कोण? आपले लक्ष, आपला वेळ, आपण काय वाचतो, कशावर चिडतो, कोणाशी बोलतो यांची नोंद हा विकण्याचा माल. लक्ष विकायचे असेल तर ते अधिकाधिक काळ अडकवून ठेवले पाहिजे. २०१६ च्या फेब्रुवारीत ट्विटरने संदेशांचा क्रम वेळेनुसार न ठेवता आपल्या यंत्राच्या निवडीनुसार लावण्याची सोय आणली, ती याच ओघात. अत्याचाराची बातमी आणि त्या बातमीवरची शिवीगाळ या दोहोंत यंत्राला भेद दिसत नाही. जिथे माणूस थांबतो ते त्याला चांगले. आपल्या वेदनेभोवतीही गर्दी जमते आणि त्या गर्दीशेजारी साबणाची जाहिरात लागते. यात कोणा एकाचा दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. गर्दी आधी आणि गल्ला मागाहून आला, की गल्ला गर्दीतूनच काढावा लागतो, एवढाच याचा अर्थ.

ज्यांना गल्ला सापडत नाही त्यांचे काय होते? ती माध्यमे बंद पडतात आणि त्यांवर लिहिलेले त्यांच्याबरोबर जाते. ऑर्कुट २०१४ च्या सप्टेंबरअखेर बंद झाले. छोट्या चित्रफितींचे व्हाइन ट्विटरनेच विकत घेतले होते, ते २०१७ च्या जानेवारीत आटोपले. आपल्या देशातले उदाहरण ‘कू’ चे. २०२० मध्ये निघालेल्या या माध्यमावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत लिहिता येई. परदेशी गुंतवणूकदारांचे कोट्यवधी डॉलर त्यात आले होते. पैशाचा ओघ आटला, मोठ्या कंपन्यांशी चाललेली बोलणी फिसकटली आणि जुलै २०२४ मध्ये संस्थापकांनी ते बंद केल्याचे जाहीर केले. मराठीला स्वतःचे व्यासपीठ मिळाले म्हणून आनंदलेल्यांचे लेखन त्या बंद दुकानात राहिले. जुन्या नियतकालिकाचा अंक निदान कोणाच्या तरी माळ्यावर सापडतो. येथे माळाच भाड्याचा असतो.

आता साडेअकरा वर्षांच्या आकड्याकडे वळू. कमाई न करता इतका काळ तग धरण्याची सवड हीच मुळात संपत्ती आहे, असे माझे मत आहे. या क्षेत्रातल्या यशकथा सांगताना संस्थापकाची बुद्धी, धाडस, रात्रंदिवस केलेले कष्ट यांचे वर्णन होते. ते सारे खरे असेल. पण बुद्धी आणि कष्ट आपल्या मुलांकडे नाहीत काय? त्यांच्याकडे नाही ती सवड. पहिला पैसा बहुधा घरातून, नात्यातून, ओळखीतून येतो. दुसरा पैसा ज्याच्याकडून येतो त्याच्या दारापर्यंत पोचायलाही ओळख लागते. आपल्या समाजात नाते आणि ओळख यांची वाटणी जातीने केलेली आहे, हे मी या वाचकांना नव्याने सांगायला नको. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जमीन नव्हती, दुकान नव्हते, तिथला पहिला पदवीधर नोकरी लागली की घराचे कर्ज, बहिणीचे लग्न, धाकट्याची फी यांना बांधला जातो. ‘चार वर्षे काही मिळाले नाही तरी चालेल’ हे वाक्य तो उच्चारू शकत नाही.

सरकारने काही केले नाही असे मी म्हणणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये स्टँड-अप इंडिया योजना आली. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि स्त्री उद्योजकांना दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत कर्जाची तीत तरतूद होती. फेडीची मुदत सात वर्षे आणि हप्ता सुरू होण्यापूर्वीची सवलत जास्तीत जास्त अठरा महिने. आता दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. एकाला नफ्यासाठी साडेअकरा वर्षे, दुसऱ्याला हप्त्यासाठी दीड वर्ष. कर्ज आणि भांडवल यांतला फरक नुसता शब्दांचा नाही. भांडवलदार धंदा बुडाला तर आपला पैसाही बुडाला असे मानतो. कर्ज देणारा तसे मानीत नाही. ज्याला कर्जावर धंदा करायचा आहे त्याला पहिल्या महिन्यापासून उत्पन्नाचा मार्ग ठाऊक असावाच लागतो. माझा एक विद्यार्थी कारागिरांना थेट काम मिळवून देणारे अ‍ॅप काढण्याची योजना घेऊन एका बँकेत गेला होता. तिथे त्याला पहिला प्रश्न विचारण्यात आला, ‘हप्ता कोठून भरणार?’ आणि दुसरा, ‘तारण काय?’ बँकेच्या दृष्टीने दोन्ही प्रश्न योग्यच होते. पण हेच प्रश्न २००७ साली ट्विटरला विचारले असते तर ट्विटर निघाले नसते. काहींना गर्दी जमविण्याची मुभा मिळते, काहींना आधी गल्ला दाखवावा लागतो. स्पर्धा खुली आहे असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

जानेवारी २०१५ मध्ये अनुसूचित जातींसाठी केंद्र सरकारचा स्वतंत्र जोखीम-भांडवल निधीही सुरू झाला. विचार म्हणून त्याचे स्वागत केले पाहिजे, कारण आपल्या उद्योजकाला कर्जाव्यतिरिक्तही काही लागते हे त्यात प्रथमच मान्य झाले. मात्र सरकारी पैशाचा हिशेब मागणारी यंत्रणा आणि दहापैकी आठ बुडणार हे गृहीत धरणारी जोखीम यांचा मेळ बसणे अवघड असते. बुडण्याचा अधिकार हा या धंद्याचा पाया आहे. तो अधिकार आपल्याला कागदावर मिळून भागत नाही. सवर्ण घरातला मुलगा बुडाला तर त्याला अनुभवी म्हणतात. आपला बुडाला तर सगळ्या जमातीच्या लायकीवर बोट ठेवले जाते.

आता पुन्हा माध्यमाकडे येतो. उत्पन्नाचा मार्ग नंतर ठरतो तेव्हा नियमही नंतर बदलतात, आणि बदलताना वापरणाऱ्याला कोणी विचारीत नाही. ट्विटरवरची निळी खूण हे याचे बोलके उदाहरण आहे. ती खूण म्हणजे खात्रीशीर ओळखीची पावती आणि प्रत्यक्षात प्रतिष्ठेची पदवी. नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्याकडील कार्यकर्त्यांनी ट्विटरवरच मोहीम उघडली. या खुणेच्या वाटपात जातीय पक्षपात आहे, असा त्यांचा आरोप होता. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी सुमारे चार हजार चारशे कोटी डॉलरला कंपनी विकत घेतली. त्या व्यवहारातले सुमारे तेराशे कोटी डॉलरचे कर्ज कंपनीच्याच डोक्यावर आले. आता तिलाही हप्ता लागला. काही दिवसांतच सुमारे निम्म्या कर्मचाऱ्यांना काढले गेले आणि निळी खूण महिना आठ डॉलरला विक्रीस आली. जी पदवी म्हणून आपल्याला नाकारली जाते अशी तक्रार होती, ती तीन वर्षांत बाजारातला माल झाली. २०२३ च्या फेब्रुवारीत संशोधकांना आणि अभ्यासकांना मिळणारी माहितीची फुकट वाट बंद करून तिला दर लावण्याची घोषणा झाली, आणि जुलैमध्ये नावही बदलून एक्स झाले. आपण ज्या वाड्यात सभा घेत होतो त्याचा मालक बदलला, पाटी बदलली, भाडे लागले. सभेचे इतिवृत्त मात्र त्याच्याच कपाटात.

म्हणून ही माध्यमे सोडून द्यावीत काय? मला तसे वाटत नाही. प्रस्थापित वर्तमानपत्रांनी ज्या बातम्यांना जागा दिली नाही त्या याच मार्गाने देशभर गेल्या, हे विसरता येत नाही. पण साधन वापरणे वेगळे आणि साधनावर विसंबणे वेगळे. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. तेथेही उत्पन्नाची खात्री नव्हती आणि पैशाची चणचण पुढे बाबासाहेबांच्या पत्रांचा सतत पिच्छा पुरवीत राहिली. तरी एक फरक आहे. पत्र कोणासाठी आणि कशासाठी हे पहिल्या अंकापासून ठरलेले होते, आणि वाचक हा विकण्याचा माल नव्हता. पैशाचा मार्ग ठरायचा असेल, पण हेतू ठरलेला असेल, तर पडझडीतही काही शिल्लक राहते.

आजही दुसऱ्या वाटा आहेत. विकिपीडिया २००१ पासून जाहिरातीशिवाय, वाचकांच्या देणग्यांवर उभा आहे आणि त्यावर मराठीत लिहिता येते. सिग्नल ही संदेशसेवा नफा न कमावणाऱ्या प्रतिष्ठानाची आहे. तिने २०२३ मध्ये आपला खर्च जाहीर केला तेव्हा २०२५ पर्यंत वर्षाला सुमारे पाच कोटी डॉलर लागतील असा अंदाज दिला. फुकट वाटणारी वस्तू प्रत्यक्षात किती महाग असते आणि तिचा खर्च लोकांपुढे ठेवताही येतो, हे दोन्ही त्यातून शिकण्यासारखे आहे.

आपल्या तरुणांनी नवे माध्यम काढावे, जरूर काढावे. मात्र आरंभी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत: पैसा देणार कोण, तो बदल्यात काय मागणार, आणि दुकान बंद झाले तर लोकांचे लेखन कोठे जाणार. जे कार्यकर्ते इतरांच्या माध्यमावर लिहितात त्यांनी महत्त्वाचा मजकूर स्वतःकडे उतरवून ठेवावा, वर्षाकाठी छापावा, ग्रंथालयात द्यावा. शिक्षकांनी हा हिशेब वर्गात मांडावा, कारण अर्थशास्त्राच्या पुस्तकात तो फारसा आढळत नाही. आणि ज्या पत्रांना, संस्थांना आपण आपले म्हणतो त्यांची वर्गणी वेळेवर भरावी. फुकट मिळणाऱ्या व्यासपीठाचे भाडे आपण कधी ना कधी देणारच आहोत. ते कोणाला आणि कोणत्या रूपात द्यायचे, एवढे ठरविणे अजून आपल्या हाती आहे.